बोलायचं राहून गेलेलं दुःख

मीरा रोडच्या एखाद्या सोसायटीत पहाटे साडेतीनला फोन वाजतो. पलीकडे गावचा चुलतभाऊ असतो. "नाना गेले. किती वाजेपर्यंत पोचशील?" फोन घेणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही. पहिला विचार गाडीचा येतो, दुसरा रजेचा. तिसरा विचार तो कुणाला सांगत नाही. नानांशी शेवटचं बोलणं होऊन सहा वर्षं झालेली असतात. घराच्या वाटणीवरून शब्दाला शब्द वाढला, तो तावातावाने निघून आला आणि मग दोघांपैकी कुणीच फोन केला नाही. गाव सावंतवाडीच्या बाजूला असेल, तर पोचायला आठ-दहा तास लागतात. मयत तेवढा वेळ ठेवत नाहीत. तो पोचतो तेव्हा सगळं आटोपलेलं असतं. अंगणात बसलेली माणसं "शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही" म्हणून हळहळतात. त्याला मात्र सलत असतं ते वेगळंच.

मीरा-भाईंदरमध्ये ही गोष्ट अनोळखी वाटणारी घरं फार थोडी असतील. २००१च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ५ लाख २० हजारांच्या घरात होती. २०११मध्ये ती ८ लाख ९ हजारांवर गेली. दहा वर्षांत आलेली ही माणसं मुंबईच्या चाळींतून आली, कोकणातून आणि घाटावरून आली, गुजरात-राजस्थानातून आणि उत्तर प्रदेशातून आली. प्रत्येकाच्या मागे एक गाव, एक जुनं घर आणि बऱ्याचदा एक न मिटलेलं भांडण आहे. भाऊबंदकी, आंतरजातीय लग्नानंतर तुटलेलं माहेर, दारू पिणारा बाप, सुनेला कधीच जवळ न केलेली सासू अशी ही यादी मोठी आहे. अशा नात्यातला माणूस गेला की दुःख करायचं तरी कसं, हा प्रश्न पडतो. तो कुणाला विचारताही येत नाही.

दुःखाला ठरावीक पायऱ्या नसतात

दुःखाच्या पाच पायऱ्या बहुतेकांनी ऐकलेल्या असतात: नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी त्या १९६९मध्ये मांडल्या. मात्र ती मांडणी मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यातून आली होती. मागे राहिलेल्या माणसांना ती पुढे सरसकट लावली गेली. प्रत्यक्षात दुःख अशा क्रमाने चालत नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या संशोधकांनी १९९९मध्ये मांडलेलं चित्र अनुभवाला जास्त जवळचं आहे. त्यांच्या मते दुःखातला माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करत असतो. कधी तो गेलेल्या माणसाच्या आठवणीत बुडतो, तर कधी वीजबिल, मुलांची शाळा आणि बँकेचे कागद यांत गुंततो. दोन्ही गरजेचं आहे. म्हणून तेराव्यानंतर कामावर जाणारा मुलगा निष्ठुर ठरत नाही आणि तीन महिन्यांनी अचानक स्वयंपाकघरात रडू कोसळलेली सून कमकुवत ठरत नाही.

नातं कडवट असेल तर दुःख अधिक चिघळतं, असा एक जुना समज आहे. फ्रॉइडने १९१७मधल्या आपल्या निबंधात प्रेम आणि राग एकत्र असलेल्या नात्याकडे असंच बोट दाखवलं होतं. नंतरच्या पाहणीत मात्र चित्र इतकं सरळ दिसलं नाही. अमेरिकेतल्या डेट्रॉइट परिसरात १९८७-८८मध्ये दीड हजारांहून अधिक विवाहित स्त्री-पुरुषांच्या मुलाखती घेण्यात आल्या आणि त्यांतल्या ज्यांचा जोडीदार पुढे वारला त्यांना पुन्हा भेटून विचारलं गेलं. ज्यांचं नातं जवळचं आणि एकमेकांवर अवलंबून असलेलं होतं, त्यांना गेलेल्याची ओढ जास्त होती. ज्यांचा संसार भांडणात गेला, त्यांना ती कमी होती.

याचा अर्थ एवढाच, की आयुष्यभर छळणारा नवरा गेल्यावर एखाद्या बाईला हायसं वाटलं, तर त्यात विकृत काही नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूची सात वर्षं उस्तवार केलेल्या सुनेला ती गेल्यावर पहिल्यांदा शांत झोप लागते, तेही स्वाभाविक आहे. अडचण येते ती पुढे. लोक सांत्वनाला येतात आणि "देवमाणूस होता हो" म्हणतात. तिला मान हलवावी लागते. सुटका वाटली म्हणून अपराधी वाटतं, राग अजून आहे म्हणून लाज वाटते आणि यातलं काहीच बोलता येत नाही. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९मध्ये अशा दुःखाला स्वतंत्र नाव दिलं. समाज ज्याला दुःख म्हणून मान्यता देत नाही, असं दुःख. घटस्फोटानंतर वारलेला नवरा, जाहीर न करता आलेलं प्रेम, बोलणं टाकलेला भाऊ ही सगळी त्याचीच रूपं.

शरीर हिशेब ठेवतं

दुःख फक्त मनात राहत नाही. जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या २४ तासांत हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका नेहमीच्या तुलनेत सुमारे २१ पट असतो, असं २०१२मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पुढच्या दिवसांत तो हळूहळू उतरतो. त्याआधी १९६९मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५५ वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांचा मागोवा घेतला गेला होता. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातला मृत्युदर अपेक्षेपेक्षा ४० टक्के जास्त निघाला.

१९९०मध्ये जपानी डॉक्टरांनी हृदयाच्या एका वेगळ्याच आजाराची नोंद केली. जबर धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा तळाशी फुगतो आणि नीट आकुंचन पावत नाही. तपासणीत त्याचा आकार ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसला. जपानी मच्छीमार त्या मडक्याला 'ताकोत्सुबो' म्हणतात, तेच नाव आजाराला मिळालं. तो मुख्यतः पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये आढळतो. छातीत दुखतं, धाप लागते आणि लक्षणं हुबेहूब हृदयविकाराच्या झटक्यासारखी असतात. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात, पण सुरुवातीचे दिवस धोक्याचे असू शकतात.

म्हणून मयताच्या घरी कुणाच्या छातीत दुखू लागलं, घाम फुटला, तर "रडून रडून झालंय, पाणी द्या" म्हणून थांबू नये. ताबडतोब रुग्णालयात नेऊन ईसीजी काढावा. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या सुतकाच्या गडबडीत हमखास चुकतात. त्या वेळेवर दिल्या जातात की नाही, हे घरातल्या एकाने आठवणीने पाहावं. गेलेल्याच्या वयस्कर जोडीदाराकडे तर अधिकच लक्ष हवं.

कावळा का शिवत नाही?

माणसं गेलेल्याशी उरलेलं बोलणं कुठे करतात? त्याची सोय या शहरातल्या जवळपास प्रत्येक समाजाने आपापल्या परीने केलेली आहे.

दहाव्याच्या दिवशी पिंड ठेवला जातो आणि सगळे कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवला नाही, तर गेलेल्याची काही इच्छा राहिली असं मानतात. मग एकेक जण पुढे होतो. "धाकट्याच्या लग्नाची काळजी करू नका, आम्ही आहोत." "आईला मी माझ्याकडे नेतो." "बाबा, झालं गेलं विसरा." एरवी तोंडातून न निघणारी वाक्यं चारचौघांत, मोठ्याने बोलली जातात. शेवटपर्यंत कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून तो शिववतात. म्हणजे परंपरेलाही ठाऊक आहे, की प्रत्येक हिशेब पुरता मिटत नाही आणि तरी माणसांना घरी परतावं लागतं. कावळ्याच्या येण्या-न येण्याचा अर्थ कुणी काहीही लावो, त्या दहा मिनिटांत मागे राहिलेल्यांना बोलायची परवानगी मिळते, हे खरं.

मीरा रोडच्या मुस्लिम वस्तीत दफनाआधी मयताचं कुणाचं देणं असेल तर सांगा, वारस फेडतील, असं सांगण्याची रीत आहे. गेलेल्याकडून काही चुकलं असेल तर माफ करा, अशी विनंतीही केली जाते. भाईंदरच्या जैन समाजात पर्युषणाच्या अखेरीस संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत लहानथोर सगळे एकमेकांची क्षमा मागतात. ती भाद्रपदातच येते आणि त्याच महिन्याच्या वद्य पक्षात हिंदू घरांत पितृपक्ष. एका महिन्यात आधी जिवंत माणसांची क्षमा आणि मग गेलेल्यांचं स्मरण, असा या शहराचा क्रम आपोआप जुळून आलेला आहे. उत्तन, डोंगरी, पाली या गावांतल्या ख्रिस्ती कोळी आणि ईस्ट इंडियन कुटुंबांत २ नोव्हेंबरला दफनभूमीतल्या कबरी स्वच्छ करून फुलं आणि मेणबत्त्या लावतात. वर्षातून एकदा तरी गेलेल्याच्या समोर उभं राहावं लागतं.

समुद्रापार कॅरिबियन बेटांतही हेच दिसतं. जमैकात माणूस गेल्यावर नऊ रात्री नातलग आणि शेजारी जमतात, खातात, गातात, गेलेल्याच्या आठवणी काढतात. त्या समाजाची जखमही कोकणी माणसाला ओळखीची वाटेल. आईबाप पोटासाठी इंग्लंड-अमेरिकेला जायचे आणि मागे आजीकडे ठेवलेल्या मुलांना पिंपात भरून कपडे, खाऊ पाठवायचे. जमैकातल्या अभ्यासक क्लॉडेट क्रॉफर्ड-ब्राऊन यांनी अशा लेकरांना 'बॅरल चिल्ड्रन', म्हणजे पिंपाची मुलं म्हटलं. आपल्याकडे पिंपाऐवजी मनीऑर्डर यायची आणि गणपतीला चार दिवस बाप दिसायचा. दोन्हीकडे घर चाललं, पण ओळख राहून गेली. असा बाप गेल्यावर मुलाला तो आठवत नाही. जो बाप मिळालाच नाही, त्याचं दुःख होतं.

विधींचा मनावर परिणाम होतो का, हेही तपासलं गेलं आहे. मायकेल नॉर्टन आणि फ्रान्सेस्का जिनो यांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विधी केल्यानंतर लोकांना दुःख कमी जाणवलं. आपल्या हातात काही उरलेलं नाही ही भावना विधीने कमी होते, असं त्यांनी त्याचं कारण दिलं. विधीवर श्रद्धा नसलेल्यांनाही हा फायदा झाला. कोविडच्या काळात नेमकं हेच हिरावलं गेलं. महाराष्ट्रात अधिकृत नोंदींप्रमाणे सुमारे १ लाख ४८ हजार माणसं दगावली. अनेकांच्या घरच्यांना ना तोंड पाहता आलं, ना खांदा देता आला. त्यांच्यापैकी ज्यांचं काही बोलायचं राहिलं होतं, त्यांचं ते आजही राहिलेलं असू शकतं.

दुःख आजार केव्हा होतं?

बहुतेक माणसं औषधाशिवाय, आपल्या माणसांच्या आधाराने सावरतात. थोड्यांच्या बाबतीत मात्र काळ पुढे सरकतो आणि दुःख जागच्या जागी राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'दीर्घकालीन शोकविकार' हे निदान आता समाविष्ट आहे. ती यादी जानेवारी २०२२पासून लागू झाली. सहा महिन्यांहून अधिक काळ, त्या त्या समाजाच्या रीतीपेक्षा कितीतरी जास्त, गेलेल्याची तीव्र ओढ किंवा सतत त्याचाच विचार राहणं, सोबत अपराधीपणा, राग, बधिरपणा असणं आणि रोजचं जगणं अडणं ही त्याची खूण. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने प्रौढांसाठी एक वर्षाची अट ठेवली आहे. आपल्याकडे वर्षश्राद्धापर्यंत घरात सण करत नाहीत. ती मुदतही एक वर्षाचीच आहे. नैसर्गिक मृत्यूनंतर मागे राहिलेल्या प्रौढांपैकी साधारण दहात एकाला हा विकार होतो, असं २०१७मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात दिसतं.

यावर उपचार आहेत. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञ कॅथरीन शिअर यांनी तयार केलेली पद्धत साधारण सोळा सत्रांची आहे. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने ५१ टक्के रुग्णांना गुण आला. नेहमीच्या समुपदेशनाच्या एका प्रचलित पद्धतीने हे प्रमाण २८ टक्के होतं. त्यातला एक भाग लक्षात घेण्यासारखा आहे. रुग्णाने डोळे मिटून गेलेल्या व्यक्तीशी मोठ्याने बोलायचं, आणि मग त्या व्यक्तीच्या वतीने स्वतःला उत्तर द्यायचं. पिंडासमोर उभं राहून बोलणाऱ्या माणसाला हे फार परकं वाटू नये. शिअर यांच्याच २०१६मधल्या चाचणीत असंही दिसलं, की नैराश्याच्या गोळीने मूळ शोक विशेष हलत नाही. सोबत उपचाराची सत्रं असतील, तर नैराश्य कमी व्हायला तिची मदत होते. त्यामुळे शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी किंवा रोजचा पेग हा दुःखावरचा इलाज नव्हे.

उरलेलं बोलणं कसं करावं?

माणूस गेला तरी नातं संपत नाही, ते बदलतं. १९९६मध्ये डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांनी हा विचार शास्त्रीय भाषेत मांडला. त्याआधी 'विसरून पुढे जा' हाच सल्ला योग्य मानला जाई. नातं चालूच राहणार असेल, तर त्यात खरं बोलायला हरकत नाही.

पत्र लिहिणं हा एक साधा मार्ग. ते कुणाला दाखवायचं नसतं. त्यात दोन्ही बाजू याव्यात. "बाबा, तुम्ही पिऊन आईवर हात टाकायचात. ते मी विसरलेलो नाही. पण माझी फी भरायला तुम्ही महिनाभर डबल पाळी केलीत, तेही विसरलेलो नाही." या दोन वाक्यांतलं एक खोडायची गरज नसते. माफ करता आलं नाही, तर तसंही लिहावं. क्षमा हा दुःख संपवण्याचा एकमेव दरवाजा नाही. ज्याने लहानपणी अत्याचार केला, अशा माणसाला माफ करण्याची सक्ती तर कुणीच करू नये. पत्र लिहिताना त्रास फारच वाढू लागला, झोप उडाली, तर ते काम बाजूला ठेवून समुपदेशकासोबत करावं.

दुसरं, कागदपत्रांची घाई टाळावी. तेराव्याला जमलेल्या पंगतीतच सातबाऱ्यावरची वारसनोंद आणि बहिणींच्या हक्कसोडपत्राचा विषय निघतो. दुःखात डोकं ठिकाणावर नसतं, आणि त्या दिवशी घेतलेल्या सहीने पुढच्या पिढीचं अबोल्याचं बी पेरलं जातं. २००५च्या कायद्यातल्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क मिळाला आहे. सही करायची की नाही, हे ठरवायला बहिणीला काही महिने मिळाले, तर नातं टिकण्याची शक्यता वाढते.

तिसरं, सांत्वनाला जाणाऱ्यांसाठी. "देवाच्या मनात होतं", "आता तूच घरातला मोठा, रडू नकोस" ही वाक्यं टाळावीत. "तुझं आणि नानांचं कसं होतं, मला ठाऊक आहे. बोलावंसं वाटलं तर मी आहे," एवढं पुरे. पंधरा दिवसांनी, गर्दी ओसरल्यावर केलेला फोन पहिल्या दिवशीच्या हारापेक्षा जास्त कामाचा असतो.

घरातल्या लहान मुलांना "आजोबा गावाला गेले" असं सांगू नये. आजोबा वारले, आता ते परत येणार नाहीत, हे साध्या शब्दांत सांगावं. मोठी माणसं एकमेकांशी का बोलत नव्हती, हे मुलांना कळत असतं. त्यात त्यांचा दोष नाही, एवढं त्यांना स्पष्ट ऐकवावं.

पुढीलपैकी काही दिसलं तर वाट पाहू नये: जगण्यात अर्थ नाही, आपणही जावं असे विचार, महिनोन्महिने कामावर न जाणं, खाणं-पिणं सुटणं, दारू वाढणं. 'टेलिमानस' ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येतं. ठाणे जिल्ह्यात १९०१पासून असलेलं ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. तिथे जाणं म्हणजे वेड लागणं, असं मानणारी पिढी आता मागे पडते आहे, आणि पडायला हवी.

शेवटची गोष्ट ज्यांच्याकडे अजून वेळ आहे त्यांच्यासाठी. गंभीर आजाराच्या रुग्णांची काळजी घेणारे डॉक्टर आणि परिचारिका नातलगांना एक गोष्ट नेहमी सुचवतात: माफी, आभार, माया आणि निरोप, यांपैकी जमेल ते रुग्ण शुद्धीवर असतानाच बोलून घ्या. त्यासाठी मोठी समेटाची बैठक लागत नाही. वाटणीचा वाद तसाच राहूनही "नाना, गुडघा कसा आहे आता?" एवढं विचारता येतं. पलीकडून कदाचित तुटक उत्तर येईल. कदाचित फोन ठेवला जाईल. तरी विचारलं होतं, एवढं तरी हाताशी राहील, आणि पहाटे साडेतीनला फोन वाजेल तेव्हा सहा वर्षांचा हिशेब थोडा हलका झालेला असेल.